आयआरसी चॅनेलच्या विंडोत लिहितोय पण कोणीच उत्तर देत नाही? आधी हे तपासा

"ताई, चॅनेलमध्ये तासभर लिहितोय, कोणी ढुंकूनही बघत नाहीये." हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय त्याची गणतीच नाही. ओपन सोर्समध्ये नवीन आलेली पोरं, कोणाला डेबियन लिनक्सचा बग विचारायचा असतो, कोणाला गूगलच्या समर ऑफ कोडचा मेंटर गाठायचा असतो, आणि तिकडची मंडळी अजूनही आयआरसीवरच (इंटरनेट रिले चॅट, टाइप करून गप्पा मारायची जुनी पद्धत, तिथल्या गप्पांच्या खोलीला चॅनेल म्हणतात) बसलेली असतात. मग मी हेक्सचॅट हा आयआरसीचा प्रोग्राम इन्स्टॉल करून देते आणि दोन दिवसांत हा फोन येतोच. दरवेळी तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून ठेवतेय, आता फोन आला की लिंक पाठवणार.

उदाहरणं हेक्सचॅट आणि लिबेरा चॅट नेटवर्क धरून देतेय कारण माझ्याकडे येणारे बहुतेक जण तेच वापरतात. हेक्सचॅटची २.१६.२ ही शेवटची आवृत्ती, फेब्रुवारी २०२४ मध्ये आली आणि त्याच वेळी ही शेवटची असं सांगून टाकलं, पण चालतंय अजून मस्त. एमआयआरसी, कॉन्व्हर्सेशन, वीचॅट असा दुसरा कुठलाही आयआरसी प्रोग्राम असला तरी मेनू बदलतील, दुखणं तेच. आणि हो, कमांड मी इथे देवनागरीत लिहितेय, टाइप मात्र इंग्रजीतच करायच्या. हे मुद्दाम सांगतेय, का ते पुढे कळेल.

लक्षणं काय असतात

तुमचं यातलं नक्की कुठलं आहे ते आधी ठरवा, कारण सगळे जण "चालत नाही" एवढंच सांगतात आणि त्यातून काहीच कळत नाही.

- विंडो उघडलीय, आपण लिहिलेलं दिसतंय, पण समोरून काहीच हलत नाही.
- चॅनेलचं नाव टॅबवर कंसात दिसतंय आणि उजवीकडची माणसांची यादी रिकामी आहे.
- यादीच दिसत नाही, किंवा वरचा मेनूच गायब झालाय.
- एंटर मारलं की "चॅनेलला पाठवता येत नाही" अशा अर्थाची ओळ येते.
- जॉइन केलं तर भलत्याच चॅनेलमध्ये जाऊन पडलो.
- मराठी लिहिलं की समोरच्याला चौकोन दिसतात, किंवा मेसेज अर्ध्यातच तुटतो.
- दर काही मिनिटांनी आपोआप बाहेर फेकले जातो आणि परत आलो की नावामागे शेपूट लागलेलं असतं.

माझा अनुभव असा की दहातल्या आठ केसमध्ये सर्व्हरचा काहीच दोष नसतो. विंडो दिसतेय म्हणजे आपण चॅनेलमध्ये आहोत असं आपण धरून चालतो, आणि तिथेच फसतो. विंडो ही तुमच्या मशीनवर असते, चॅनेल सर्व्हरवर. तुम्हाला चॅनेलमधून हाकललं तरी विंडो आपली जागच्या जागी, जुने मेसेज घेऊन, जणू काही झालंच नाही.

फुकटात आणि अर्ध्या मिनिटात होणारं

सगळ्यात आधी स्क्रोलबार बघा. हसू नका. एकदा वर सरकवून जुनं काही वाचलं की हेक्सचॅट तिथेच थांबतो, नवीन मेसेज खाली येत राहतात आणि तुम्हाला वाटतं चॅनेल गोठलं. एका मुलाबरोबर मी व्हिडिओ कॉलवर पाऊण तास घालवला, पोर्ट बदलला, पुन्हा इन्स्टॉल केलं, आणि शेवटी त्याचा स्क्रोलबार दोन ओळी वर होता. खाली ओढला तर चार लोकांनी त्याला उत्तर दिलेलं, त्यातल्या एकाने तर "आहेस का?" असंही विचारलेलं. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न हाच.

मग टॅबचं नाव बघा. कंसात असेल तर तुम्ही आत नाही आहात, एकतर कनेक्शन गेलंय किंवा कोणीतरी किक केलंय, म्हणजे बाहेर काढलंय, आणि वर कितीही लिहिलंत तरी ते कुठेच जात नाही. यादी रिकामी असणं हे त्याचंच दुसरं चिन्ह. उलट टॅबच्या नावाला नुसता रंग आला असेल तर घाबरायचं कारण नाही, लाल म्हणजे नवीन मेसेज आलाय, निळा म्हणजे कोणीतरी तुमचं नाव घेतलंय. निळा दिसला की आधी तिकडे जा.

यादी किंवा मेनू गायब असेल तर ते जवळपास नेहमी चुकून दाबलेल्या बटणाचं काम. कंट्रोल आणि एफ७ ने यादी येते-जाते, कंट्रोल आणि एफ९ ने मेनू. लॅपटॉपवर एफएन पण धरावं लागतं कधीकधी. तरी यादी दिसेना तर विंडोच्या उजव्या कडेला माउस नेऊन बघा, मधली रेघ ओढली जाऊन यादीची रुंदी शून्य झालेली असते, ती परत डावीकडे ओढायची, बास.

तिसरं म्हणजे तुम्ही कुठल्या टॅबमध्ये लिहिताय. नेटवर्कच्या नावाचा जो टॅब असतो तो चॅनेल नाही. तिथे लिहिलं तर हेक्सचॅट सांगतो की तुम्ही कुठल्याच चॅनेलमध्ये नाही, आधी जॉइन करा, पण ती ओळ कोणी वाचत नाही. खरं तर त्या सर्व्हर टॅबची सवय लावून घ्या. जॉइन का झालं नाही याचं कारण बहुतेक वेळा तिथेच छापलेलं असतं आणि तुम्ही भलत्याच टॅबकडे बघत बसलेले असता.

कीबोर्ड

हा खास आपल्याकडचा घोळ, इंग्रजी मदतपानांत कुठेच सापडणार नाही. एके दिवशी एका चॅनेलमध्ये एकजण सारखं "यरदगल" लिहीत होता. तिथल्या परदेशी लोकांना वाटलं बॉट आहे. मला बघताक्षणी हसू आलं कारण हा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड, भारतीय भाषांसाठीची ठरलेली मांडणी. इन्स्क्रिप्ट चालू असताना स्लॅशच्या कीवर य येतो, आणि पुढची जॉइनची चार इंग्रजी अक्षरं म्हणजे र, द, ग, ल. बिचारा जॉइनची कमांड देत होता. कमांड नुसत्या स्लॅशनेच सुरू व्हावी लागते, नाहीतर प्रोग्रामला तो साधा मेसेज वाटतो आणि तो सगळ्यांसमोर जातो. चॅनेलच्या नावाआधीच्या हॅशचं (#) पण तसंच, शिफ्ट आणि ३ दाबलं की इन्स्क्रिप्टमध्ये पायातला र येतो. तेव्हा कमांडच्या आधी भाषा बदलली का ते टास्कबारवर बघायचं.

याच जातीची दुसरी चूक जास्त महागात पडते. स्लॅशच्या आधी एक स्पेस पडली तरी ती कमांड राहत नाही. जॉइनच्या वेळी नुसती फजिती, पण निकसर्व्हला (नावांची नोंदणी आणि लॉगिन सांभाळणारी नेटवर्कची सेवा) पासवर्ड पाठवताना असं झालं तर पासवर्ड थेट चॅनेलमध्ये, शेदीडशे लोकांपुढे, आणि ज्या चॅनेलचे लॉग सार्वजनिक असतात तिथे कायमचा. असं झालंच तर माफी मागत बसू नका, त्याच मिनिटाला पासवर्ड बदला. आणि यापुढे पासवर्ड लिहायच्या पट्टीत टाइपच करू नका, त्याची सोय खाली सांगितलीय.

काहीच बिघडलेलं नसतं तेव्हा

वरचं सगळं ठीक असेल तर घड्याळ बघा. सकाळी अकराला तुम्ही विचारलंत तेव्हा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रात्र झालेली असते आणि युरोपवाले जेमतेम चहा घेत असतात. यादीत दोनशे नावं दिसतात म्हणून दोनशे माणसं समोर बसलीयत असं नाही, निम्म्याहून जास्त जणांनी आपला प्रोग्राम चोवीस तास चालू ठेवलेला असतो आणि ते आपापल्या सवडीने येऊन वाचतात. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्यांची "समस्या" हीच. "हॅलो, कोणी आहे का" विचारतात, दहा मिनिटं वाट बघतात, टॅब बंद करतात. अर्ध्या तासाने कोणीतरी उत्तर देतं तेव्हा हे तिथे नसतात. टॅब बंद करणं म्हणजे चॅनेल सोडणं, व्हॉट्सअॅपसारखं नंतर उघडून वाचू असं इथे नाही.

का नाही, तर आयआरसी ही गोष्ट १९८८ सालची, फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्क्को ओइकारिनेनने केलेली, आणि प्रोटोकॉलचं पहिलं दस्तऐवज १९९३ चं. तेव्हा सर्व्हरने जुने मेसेज साठवून ठेवायचे ही कल्पनाच नव्हती. तुम्ही आत असाल तेव्हा जे बोललं गेलं तेवढंच तुमचं. परत आल्यावर हेक्सचॅट जुनं काही दाखवतो ते तुमच्याच मशीनवर साठवलेलं असतं, मधलं त्यात नसतं. म्हणून प्रश्न पूर्ण लिहा, एकाच मेसेजमध्ये, आणि संध्याकाळी सात ते अकरा या वेळात विचारा, आणि मग बसून राहा. हे जमत नसेल तर झेडएनसीसारखा बाउन्सर लागतो, जो तुमच्या वतीने सर्व्हरवर बसून राहतो, पण नवीन माणसाने पहिल्याच आठवड्यात त्याच्या नादी लागू नये असं माझं मत आहे.

एकदम वीसतीस जण बाहेर पडल्याच्या ओळी दिसल्या आणि कारणाच्या जागी दोन सर्व्हरची नावं असली तर ते नेटस्प्लिट, म्हणजे दोन सर्व्हरमधला दुवा तुटला. काहीही करू नका. आपोआप जोडलं जातं.

मराठी तुटतंय किंवा चौकोन येतायत

चौकोन तुमच्याकडे दिसत असतील तर फॉन्ट. नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित टाका, प्रोग्राम बंद करून उघडा. टर्मिनलमधला वीचॅट किंवा आयआरएसएसआय असेल तर बऱ्याच टर्मिनलमध्ये काना-मात्रा सुट्या पडतात, तिथे फॉन्ट बदलूनही फार काही होत नाही, मराठीसाठी साधा ग्राफिक प्रोग्रामच घ्या.

चौकोनांऐवजी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए पुन्हापुन्हा दिसत असेल तर एन्कोडिंग चुकलंय. नेटवर्क लिस्टमध्ये त्या नेटवर्कवर एडिट दाबा, कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ करा. एमआयआरसी फार जुनं असेल तर बदला, त्यात युनिकोड नीट आलं ते ७.० पासून.

मेसेज अर्ध्यात तुटतो त्याचं कारण मात्र जरा समजून घेण्यासारखं आहे. आयआरसीची एक ओळ जास्तीत जास्त ५१२ बाइटची, त्यात ओळ संपल्याची खूण, तुमचं निक (चॅटमधलं नाव), होस्ट (कनेक्शनचा पत्ता), चॅनेलचं नाव सगळं आलं. हातात साधारण चारशे बाइट उरतात. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना, मात्रा, हलंत हे सगळे वेगळे मोजले जातात. "की" म्हणजे सहा बाइट, "क्षी" म्हणजे बारा. म्हणजे इंग्रजीवाला चारशे अक्षरं लिहितो तिथे आपण सव्वाशे-दीडशे चिन्हांत आटपायचं. हेक्सचॅट लांब मेसेजचे स्वतःच तुकडे करून पाठवतो, काही जुने आणि फोनवरचे प्रोग्राम करत नाहीत, तिथे शेपूट कापलं जातं आणि शेवटचं अक्षर फुटून भलतंच चिन्ह दिसतं. उपाय एकच, दोन-तीन वाक्यं झाली की एंटर. पण म्हणून पन्नास ओळींचा लॉग एकदम चिकटवू नका, सर्व्हर फ्लड समजून बाहेर काढतो. तो पेस्टबिनवर, म्हणजे मजकूर ठेवायच्या साइटवर, टाकून लिंक द्यायची.

निक देवनागरीत ठेवायचा प्रयत्न करू नका, लिबेरावर चालत नाही.

सर्व्हर नाही म्हणतोय

आता सर्व्हर टॅबमधली ओळ वाचायची वेळ. एररचा आकडा दिसला तर बरंच, नाही दिसला तरी कंसातलं अक्षर सगळं सांगतं. ४७१ म्हणजे चॅनेल भरलंय. ४७३ म्हणजे बोलावल्याशिवाय प्रवेश नाही. ४७५ म्हणजे चॅनेलला पासवर्ड आहे आणि तुम्ही तो दिला नाही. ४७४ म्हणजे तुमच्यावर बंदी आहे, याचं पुढे बोलू. ४०३ म्हणजे असं चॅनेलच नाही, बहुधा नावाआधीची हॅश राहिली. नुसतं स्पेलिंग चुकलं तर एरर येत नाही, त्या नावाचं नवीन रिकामं चॅनेल उघडतं, म्हणून तेही तपासा, आणि लिबेरावर प्रकल्पाच्या अधिकृत चॅनेलला एक हॅश आणि इतर विषयांच्या चॅनेलला दोन हॅश असतात ते विसरू नका. एक हॅश कमी टाकून रिकाम्या चॅनेलमध्ये एकटाच तीन दिवस बसलेला माणूस मला माहीत आहे.

सगळ्यात जास्त वेळा येतो ४७७. म्हणजे चॅनेलमध्ये फक्त नोंदणी केलेल्या, लॉगिन झालेल्या लोकांना प्रवेश. यात गंमत अशी की माणूस म्हणतो "अहो पण मी केलंय रजिस्टर", आणि ते खरंही असतं. होतं काय, हेक्सचॅट जोडला गेला की एका बाजूने निकसर्व्हला पासवर्ड पाठवतो आणि दुसऱ्या बाजूने चॅनेलमध्ये शिरायला जातो, लॉगिन पूर्ण व्हायच्या आत जॉइन पोचलं की दार बंद. काही चॅनेलं अशा वेळी तुम्हाला दुसऱ्याच चॅनेलमध्ये वळवतात, ते "भलतीकडे जाऊन पडलो" प्रकरण हेच. कधी शिरता येतं पण लिहिता येत नाही, तेही बऱ्याचदा यामुळेच.

यावर कायमचा उपाय म्हणजे एसएएसएल, कनेक्शन जोडतानाच लॉगिन करायची पद्धत. नेटवर्क लिस्टमध्ये लिबेरा निवडा, एडिट, लॉगिन मेथडमध्ये यूजरनेम-पासवर्डवालं एसएएसएल घ्या, यूजर नेममध्ये नोंदवलेलं खातं, खाली पासवर्ड. पोर्ट ६६९७ आणि एसएसएलच्या चौकटीत टिक. आता लॉगिन आधी होतं, चॅनेल नंतर, आणि पासवर्ड हाताने टाइप करायची भानगडच संपते. झालं की नाही ते बघायला स्वतःच्याच निकवर हूइज (कोणाची माहिती बघायची कमांड) करा, "लॉग्ड इन अॅज" अशी ओळ आली पाहिजे.

नावामागे शेपूट लागण्याचंही इथेच सांगते. मोबाइल डेटा गेला की तुमचं जुनं कनेक्शन सर्व्हरवर काही मिनिटं भुतासारखं लटकत राहतं, पिंग टाइमआउट होईपर्यंत, म्हणजे उत्तर येत नाही म्हणून सर्व्हर ते तोडेपर्यंत. तेवढ्यात तुम्ही परत आलात की निक वापरात आहे म्हणून हेक्सचॅट दुसरं नाव घेतो, साधारणपणे मागे अंडरस्कोर लावून. एसएएसएल असेल तर निकसर्व्हला रिगेन सांगायचं आणि निक परत घ्यायचं. नसेल तर तुम्ही अनोळखी, आणि मग वरचाच ४७७.

आत आहात, यादी दिसतेय, कंस नाही, पण लिहिलं की पाठवता येत नाही म्हणून ओळ येते, म्हणजे ४०४. बहुतेक वेळा चॅनेल मॉडरेटेड असतं, प्लस एम, म्हणजे ज्यांच्या नावापुढे @ किंवा + आहे तेच बोलू शकतात. किंवा कोणीतरी तुम्हाला क्वायट केलंय, म्हणजे आत ठेवून गप्प केलंय. दोन्हीत तुमच्या मशीनवर दुरुस्त करण्यासारखं काहीही नाही.

एक सावधगिरी. काहीही अडलं की सायकल कमांड मारून चॅनेल सोडून परत यायचं ही युक्ती सगळ्यांना आवडते, मीही सांगते, पण निमंत्रणवाल्या किंवा भरलेल्या चॅनेलमध्ये ती मारू नका. बाहेर पडाल आणि आत यायला दार नसेल.

कनेक्शनच लागत नाही

कॉलेज आणि ऑफिसच्या नेटवर्कवर ६६६७ पोर्ट हमखास बंद असतो, ६६९७ ही कधीकधी. फोनचा हॉटस्पॉट लावून बघा, पाच मिनिटांचं काम. हॉटस्पॉटवर चाललं म्हणजे दोष तुमच्या प्रोग्रामचा नाही हे नक्की झालं. लिबेराचं वेबचॅट साध्या ब्राउझरमधून चालतं, तात्पुरतं तेच वापरा.

उलट हॉटस्पॉटवरच अडलं तर आपल्याकडे मोबाइलवर एकच आयपी शेकडो जणांत वाटलेला असतो, दुसऱ्या कोणाच्या उचापतीमुळे तो पत्ता अडवलेला असू शकतो. अशा वेळी कधी नुसती एसएएसएलची सक्ती असते, कधी पूर्ण बंदी. घरच्या वायफायवरून खातं नोंदवून एसएएसएल लावलं की पहिला प्रकार सुटतो.

इथे थांबा

कॉलेज-ऑफिसचा फायरवॉल असेल तर तिथल्या नेटवर्क अॅडमिनला पोर्ट नंबर देऊन विचारा. प्रॉक्सी, फुकटचं व्हीपीएन लावून बोगदे खणू नका, त्यांनी नोकरीही जाते आणि अशा प्रॉक्सीवरून आलात की आयआरसी नेटवर्कही हाकलतं.

४७४ किंवा क्वायट असेल तर निक बदलून, दुसऱ्या आयपीवरून परत शिरू नका. बंदी चुकवणं हा मूळ बंदीपेक्षा मोठा गुन्हा समजतात, मी एका हुशार पोराला असं स्वतःचं काम कायमचं बिघडवताना बघितलंय. चॅनेलच्या ऑपना (चॅनेल सांभाळणाऱ्यांना) खाजगीत विचारा. यादीत @ दिसला नाही तरी ऑप असतात, लिबेरावर गरज पडेपर्यंत @ न लावण्याचीच पद्धत आहे. चॅनसर्व्हला (चॅनेलांची नोंद ठेवणारी नेटवर्कची सेवा) त्या चॅनेलची अॅक्सेस लिस्ट, म्हणजे अधिकार असलेल्यांची यादी, मागा, नावं मिळतील. दोन ओळींत, काय झालं आणि काय हवंय एवढंच लिहा.

आणि सर्व्हरच आत घेत नसेल, बंदीची ओळ येऊन कनेक्शन तुटत असेल, तर ते काम नेटवर्कच्या स्टाफचं. आत येता येत असेल तर हॅश लिबेरा या मदत चॅनेलमध्ये जा, येत नसेल तर बंदीच्या ओळीत जे लिहिलंय ते जसंच्या तसं कॉपी करून ईमेलमध्ये पाठवा, फोटो काढून नको. मला फोन करून यात उपयोग नाही, माझ्या हातात तिथली किल्ली नाही. बाकी कशासाठीही करा, पण त्याआधी स्क्रोलबार बघून ठेवा.